कामगाराचं मत गेटवर नाही, वस्तीत असतं

गिरणगावात लाल बावट्याला मतं पडत, कारण गिरणीचं गेट आणि चाळ शेजारी शेजारी होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसं नालासोपारा-बदलापूरकडे पांगली. आज भिवंडीच्या गोदामातला युनियन सभासद मतदान उल्हासनगरला करतो, नाहीतर गावी. डाव्या पक्षांची ताकद मात्र अजून गेटवरच उभी असते.

म्हणून सुरुवात सभासद रजिस्टरपासून करा. नाव आणि मोबाइलपुढे चार रकाने वाढवा: राहता पत्ता, विधानसभा मतदारसंघ, मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक. नाव कुठल्याच यादीत नसेल तर फॉर्म ६, जुन्या पत्त्यावर असेल तर फॉर्म ८. हे काम वर्षभर चालू ठेवा. निवडणूक तोंडावर आल्यावर धावपळ केली की नावं राहतात. मग रजिस्टर कारखान्याऐवजी गल्लीनुसार लावा. एकाच गल्लीत वेगवेगळ्या कारखान्यांतले आपले सभासद सापडतील, एकमेकांना न ओळखणारे. पहिली बैठक त्यांची, त्यांच्याच गल्लीत. पाणी येण्याची वेळ टाळा, नाहीतर बायका येणार नाहीत.

वस्तीत आठवड्यातून दोन संध्याकाळी मदत केंद्र चालवा आणि वार बदलू नका. कामं ठरलेली असतात: आधार आणि पीएफ खात्यातल्या नावात किंवा जन्मतारखेत फरक, पगार २१,००० च्या आत असूनही ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड नाही, बांधकाम कामगाराला नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला मिळत नाही. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. एकेकट्याचं काम करून दिलं की आपण एजंट ठरतो. माणूस आभार मानून जातो. पगारातून पीएफ कापला पण पासबुकात जमा नाही, अशी तक्रार आली तर त्याच ठेकेदाराकडचे आणखी नऊ जण शोधायला सांगा. दहा सह्यांचा एकच अर्ज करा, कचेरीत दहाही जणांनी जायचं आणि आलेलं उत्तर गल्लीत वाचून दाखवायचं.

सोलापूरचा धडा विसरू नये. माकपचे नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, १९७८, १९९५ आणि २००४ ला आमदार झाले. कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर त्यांच्याच चिकाटीतून उभं राहिलं. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५,००० घरांचा ताबा पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. त्याच वर्षी विधानसभेला मास्तर हरले. मिळवलेल्या हक्काचं श्रेय आपोआप टिकत नाही. किल्ली हातात येण्याआधीच दर इमारतीची समिती हवी, तिच्यात निम्म्या बायका हव्यात.

'लाडकी बहीण'च्या १,५०० रुपयांना भीक म्हणू नका; ते घेणारी बाई दुखावते आणि तिचं बरोबर आहे. तिच्या विडीची, धुणीभांड्याची मजुरी वाढवण्याची मागणी त्या पैशांच्या जोडीला ठेवा. आणि सफाई कामगारांच्या वस्तीची समिती त्यांच्याच लोकांनी चालवावी; बाहेरून नेमलेला सचिव तिथे जातीमुळे परका वाटतो.

निकालानंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात. ती रजिस्टरशेजारी मांडा. सभासद ८० आणि मतं ३० असलेल्या केंद्राच्या गल्ल्यांत पुढच्याच रविवारी जा आणि आधी ऐकून घ्या.