पट्टकृमी ओळखायचाय? आधी या चुका टाळा

माशातल्या पट्टकृमीची (टेपवर्मची) ओळख बहुतेक वेळा डिशमध्येच बिघडते. सूक्ष्मदर्शकाखाली येतो तो नुसता चेंदामेंदा.

सगळ्यात वाईट खोड दाबण्याची. जिवंत कृमी दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवायचा, वरून दोरा गुंडाळायचा आणि फॉर्मेलिन सोडायचं. मला हे बघवत नाही. एक विद्यार्थी मागूर माशातल्या कृमींच्या तीन स्लाइड घेऊन आला, सोबत तीन ‘नव्या’ प्रजाती. एकाची मान लांब, एकाची आखूड, तिसऱ्याचं अंडाशय पसरट. तिन्ही एकाच माशाच्या आतड्यातले! मी त्याला सलाइनमधला जिवंत कृमी दाखवला: ताणला की मान लांब, आक्रसला की आखूड. पोरगा हसला, त्याचे गाइड मात्र रुसले. मागूरमधल्या पन्नासहून अधिक प्रजातींची २०११ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा वैध ठरल्या अवघ्या आठ. घाई किती जुनी आहे बघा.

मी ४ टक्के फॉर्मेलिन फ्यूम हूडखाली (विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) वाफाळेपर्यंत तापवते आणि जिवंत कृमी त्यात टाकते. क्षणात सरळ होऊन मरतो. डीएनएसाठीचा तुकडा त्याआधीच कापून ९६ टक्के अल्कोहोलमध्ये.

दुसरी खोड, चिमट्याने ओढण्याची. मुंडकं आतड्यात राहतं, हातात नुसती फीत. सायप्रिनस आणि गवत्या या माशांतल्या आशियाई पट्टकृमीचं मुंडकं हृदयाकार, दोन खोल खाचांचं, बिनआकड्यांचं. मरळ-वाममधल्या सेंगा या पट्टकृमीला आकड्यांचा मुकुट. मुंडकंच नसेल तर काय बघणार? आतड्याचा तुकडा सलाइनमध्ये ठेवा, चहा घेऊन या. कृमी स्वतःच पकड सोडतो. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

नळाचं पाणी वापरू नका, कृमी फुगून फुटतो. बर्फातला मासाही नको. त्यातले कृमी मेलेले, कुजायला लागलेले असतात.

खंड दिसत नाहीत म्हणून लगेच पर्णकृमी (पानासारखा चपटा फ्लूक) म्हणू नका. मागूरमधला लायटोसेस्टस हा पट्टकृमी बिनखंडांचाच असतो. पर्णकृमीचं मुखचूषक (तोंडाभोवतीची चूषक वाटी) आणि आतडं शोधा. पट्टकृमीला आतडं नसतं. पट्टकृमी कुठला, हे तळ्यावरही लागतं, कारण आशियाई पट्टकृमी सायक्लॉप्स या पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवामधून येतो आणि लायटोसेस्टसचे भाऊबंद चिखलातल्या ट्युबिफेक्ससारख्या कृमींमधून.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि मग “मॅडम, हा कुठल्या तळ्यातला होता?” असं मलाच विचारतात.