घरच्या घरी सीओपीडीचा व्यायाम: पहिल्या व्हिडिओ कॉलआधीची तयारी

सीओपीडी म्हणजे धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्यासाठीचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर घेतात. "मोबाईलवर कसला व्यायाम?" असं पेशंट म्हणतो, तेव्हा अडचण बऱ्याचदा मोबाईलची नसते, धाप लागण्याची भीती असते. म्हणून आधी स्पष्ट बोलून घ्या. व्यायामात धाप लागणारच. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर तीन-चारपर्यंत ती चालते, फक्त तुटक का होईना, बोलता आलं पाहिजे. फुप्फुसं यानं पूर्ववत होत नाहीत. पायांचे स्नायू सुधारतात आणि तेवढंच काम कमी दमात होतं. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून निदान दोनदा. एवढं समजून दिलेला होकार टिकतो. छातीत दुखत असेल किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको.

खुर्ची बिनहाताची, टणक, साधारण दीड फूट उंचीची हवी. प्लास्टिकची सरकते, म्हणून खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. एका मिनिटात किती वेळा उठबस होते ही पहिली चाचणी तिच्यावरच होईल. मोबाईल सात-आठ फुटांवर, कंबरेच्या उंचीला, बाजूनं ठेवा. नुसता चेहरा दिसला तर गुडघे कसे वाकतात ते फिजिओथेरपिस्टला कळत नाही. हातात धरून तर मुळीच नको.

सगळ्यात जास्त घोळ ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, घालतं. नेलपॉलिश, गडद मेंदी किंवा गार पडलेली बोटं असली की आकडा चुकतो. बोटं चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा आणि आकडा ठरेपर्यंत थांबा. लागलीच दिसलेला पहिला आकडा लिहू नका. व्यायाम करताना तो ८८च्या खाली गेला तर थांबायचं, बसायचं, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

जेवण आणि व्यायामात दीड तास जाऊ द्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सुटकेचा पंप (धाप लगेच कमी करणारा इनहेलर) दहा-पंधरा मिनिटं आधी घ्या. एरवीही तो हाताशी असू द्या. डंबेल्स आणायची गरज नाही, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या पुरतात. व्यायामाच्या वेळेत फोडणी, उदबत्ती, धूप काही नको. घरी ऑक्सिजन असेल तर नळी पायात येणार नाही अशी लावा आणि प्रवाह मनानं वाढवू नका. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) विजेवर चालतो, त्यामुळे भरलेला छोटा सिलिंडर जवळ हवा.

पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी शेजारी बसावं, पण मोजणी पेशंटलाच करू द्यावी. नेट गेलं तर साधा फोन कुणी कुणाला करायचा ते आधीच ठरवा, आणि १०८ नंबर, घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा.