पोरांचं प्रेम आणि थोरांचं वैर, अशी गोष्ट कशी लिहायची

आधी वैर पक्कं करा, प्रेम नंतर. कशावरून फाटलं ते ठरवा, कोल्हापुरात कारणांना तोटा नाही, शेताचा बांध, उसाला आधी पाणी कुणाचं, नाहीतर शाहू स्टेडियमवर दोन तालमींची फुटबॉल मॅच. रोमिओ ज्युलिएटमध्ये घराण्यांचं वैर कशावरून पेटलं ते सांगितलेलंच नाही, तिथं खपतं, पण आपल्याकडं वाचक विचारणारच.

आणि आजोबाला व्हिलन करू नका हो. त्याच्या बापाच्या मयतीला समोरच्या घरातलं कुणी आलं नव्हतं, अशी एखादी सल त्याला द्या, मग तो नातीवर ओरडला तरी त्याचं दुखणं कळतं आणि राग धरताना आपलाच जीव तुटतो.

भेट रंकाळा तलावावर ठेवायची तर संध्याकाळी तिथं अर्धं गाव फिरायला येतं, चुलता कधीपण दिसेल, ती धाकधूक वापरा.

जात आडवी येत असेल तर टाळू नका, हे मला मनापासून वाटतं. शाहू महाराजांनी १९१९ सालीच संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली होती. महाराजांच्या फोटोला रोज हार घालणाऱ्या घरातच पोरीला कोंडलंय, एवढा एक सीन नीट लिहा, भाषण नको.

शेवटी दोघांना मारायची घाई करू नका. पहाटे आजी मागचं दार उघडते, फडक्यात बांधलेली भाकरी नातीच्या हातात देते, एक शब्द बोलत नाही. तिथंच थांबा.