गोव्यातले घर सजवताना या चुका टाळा: आधी ऑगस्टचा विचार

गोव्यात घराची सजावट बहुधा दिवाळीनंतर काढली जाते. ऊन चांगले असते, रंग लवकर सुकतो, मुंबई-पुण्याहून पाहुणे यायचे असतात. पण इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. वसरीत (घरापुढच्या ओसरीत), भिंतीवर, कपाटावर हौसेने मांडलेली वस्तू ते चारही महिने तिथेच असते. म्हणून वस्तू घेताना ती डिसेंबरात कशी दिसेल याच्या आधी ऑगस्टमध्ये कशी टिकेल हे विचारावे. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

फोटो आणि चित्रे

सगळ्यात मोठे नुकसान जुन्या फोटोंचे होते, आणि ते भरून निघत नाही. आजी-आजोबांचा लग्नातला कृष्णधवल फोटो फ्रेममध्ये थेट काचेला टेकवून बसवलेला असतो. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळी हवेत तो ओलावा पितो, फुगतो आणि काचेला चिकटतो. फोटोवर ओल्यासारखे चकचकीत डाग दिसू लागले तर समजावे की चिकटायला सुरुवात झाली आहे.

अशा वेळी फोटो ओढून काढायला जाऊ नये. चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. गरम हवा मारणे, पाण्यात बुडवणे हे घरगुती उपायही नकोत. काचेसकटच स्कॅन करावा किंवा तिरक्या उजेडात, झळाळी टाळून नीट फोटो काढून घ्यावा आणि भिंतीवर नवी प्रत लावावी. मूळ फोटो काचेसह कोरड्या कपाटात ठेवावा. नव्या फ्रेमला काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट, म्हणजे माउंट, घालायला सांगावे. फ्रेमवाला विसरला तर परत पाठवावी. चार पैसे जास्त जातात, पण फोटो वाचतो.

दुसरी गोष्ट भिंतीची. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती सर्वांत जास्त भिजतात. पाऊस जोरात असताना भिंतीवर तळवा ठेवून बघावा. जिथे गार आणि दमट लागेल तिथे कागदावरचे काहीही टांगू नये. तिथे धातूची किंवा भाजलेल्या मातीची वस्तू चालते. इतर भिंतींवरही फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते आणि फ्रेमच्या आकाराचा बुरशीचा चौकोन उमटत नाही.

उंचीबद्दलही एक चूक सर्रास दिसते. जुन्या घरांचे छत उंच, म्हणून चित्रेही पार वर, छपराच्या कौलांजवळ. मान वर करून पाहावे लागते ते चित्र कोणी पाहत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीडशे सेंटिमीटरवर यावा.

चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकू नका

चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र आणि तुलनेने मऊ. त्यात खिळा ठोकला की दगड भुरभुरतो, भोक मोठे होते आणि जड आरसा एके दिवशी खाली येतो. जुन्या घरांत सांधे मातीचे असतात, तिथे तर खिळा मुळीच धरत नाही. ड्रिल ठोक्याच्या (हॅमर) मोडवर न टाकता चालवावे, सांधा सोडून दगडाच्या मध्यभागी भोक पाडावे, भुकटी फुंकून काढावी आणि लांब प्लग घालून स्क्रू बसवावा. आधीच भोक सैल झाले असेल तर त्यातच लाकडाची काडी कोंबण्यापेक्षा ते चुन्याने भरून चार बोटे बाजूला नवे पाडणे बरे.

जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर वॉलपेपर, हे तर करूच नये. आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, गिलावा फुगतो, कागद सुटतो. भिंतीला नक्षी हवीच असेल तर चुन्याचा रंग द्यावा आणि एखादी कावीची चौकट टांगावी. कावी म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरण्याचे काम. मोरजीच्या मोरजाई मंदिरात ते आजही पाहता येते. ॲक्रिलिकच्या लाल रंगाने भिंतीवर काढलेल्या नक्षीला कावीची खोली येत नाही. ते जाणणाऱ्या कलाकाराकडून छोटे फलक करून घेणे जास्त चांगले, घर बदलले तरी ते बरोबर नेता येतात.

पितळ, लोखंड, शिंपले, लाख

समई, लामणदिवा, घंगाळ यांना सरसकट चिंच लावू नये. हल्ली दुकानातून येणाऱ्या पितळेवर पारदर्शक लेप असतो. चिंच आणि रांगोळीने घासले की तो ठिकठिकाणी निघतो आणि वस्तू कायमची ठिपकेदार होते. ती ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करणे पुरे. लेप नसलेल्या जुन्या पितळेला चिंच किंवा आमसुले उत्तम, पण घासून झाल्यावर आंबट अंश पूर्ण धुवावा आणि वस्तू तत्काळ पुसावी. तसेच ठेवल्यास दोन दिवसांत हिरवट काळपट डाग येतात आणि लोक चिंचेला दोष देतात.

किनारपट्टीच्या गावांत लोखंडी कंदील, शेगड्यांसारखे मेणबत्तीचे स्टँड, काळ्या रंगाच्या नाजूक जाळ्या वर्षभरात गंजतात आणि खालच्या भिंतीवर तांबडे ओघळ सोडतात. गंज दिसताच पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर ऑइल पेंट. स्टेनलेस स्टील घेत असाल तर समुद्राजवळ ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे मागावे, खाऱ्या हवेत ते जास्त तग धरते.

शिंपल्यांच्या, म्हणजे काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या, खिडक्या ही तर आपली ठेव. घर पाडताना त्या फेकल्या जातात याचे मला फार वाईट वाटते. एखादी मिळाली तर मागे दिवा लावून किंवा दोन खोल्यांमधल्या पडद्यासारखी वापरावी. मात्र चमक यावी म्हणून तिला लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आंबटाने तो झिजतो. मऊ ब्रश आणि किंचित ओले फडके, बस्स. कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांचे लाखेचे रंगीत लाकूडकाम घरात असेल तर त्यावर सॅनिटायझर उडू देऊ नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गरम कपानेही तिला डाग पडतो.

निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशा पाहायच्या तर पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात उभे राहावे. घरासाठी घेताना एकच विचारावे: चित्र भट्टीत भाजलेले आहे की वरून छापलेले? गेटवरच्या नावाच्या फरशीसाठी भाजलेलीच घ्या, छापील रंग उन्हा-पावसात उडतो.

काही वस्तू घरात आणूच नयेत. किनाऱ्यावरच्या ठेल्यावर मिळणारे प्रवाळाचे तुकडे त्यांपैकी एक. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण आहे. जुने घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडे ताणून केलेले गोव्याचे वाद्य, भिंतीवर टांगायची कल्पना सुंदर वाटते, पण त्यावर घोरपडीचे कातडे असेल तर तेही याच कायद्यात येते. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याच्या वारसा वाद्याचा दर्जा मिळाला आहे आणि आता बकऱ्याच्या कातड्याची घुमटे बनतात. तेच घ्यावे, आणि शक्य तर वाजवावेही.

उरळीत, म्हणजे पसरट भांड्यात, पाणी घालून फुले सोडता ना? ते पाणी दर तीन-चार दिवसांनी ओता आणि भांडे आतून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी बदलून ती जात नाहीत.

दिव्यांचे थोडक्यात: तांबड्या फरशीच्या, लाकडी छताच्या खोलीत ६५०० केल्विनचा पांढरा बल्ब लावला की सगळी खोली दवाखान्यासारखी दिसते. ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर प्रकाश घ्या, आणि छतावरच्या एका मोठ्या दिव्याऐवजी कोपऱ्यांत दोन-तीन छोटे.

माटोळीचे हुक

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गोंयकारांसाठी ही चूक सर्वांत महत्त्वाची, कारण ती वर्षभर दिसत नाही आणि चवथीच्या आदल्या दिवशी उघड होते. दिवाणखान्याला फॉल्स सीलिंग करतात, त्यात दिवे लपवतात, सगळे सुरेख. मग गणपतीवर माटोळी, म्हणजे फळांनी सजवलेली टांगती चौकट, बांधायची वेळ येते. नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, तवशी, रानातली फळे असा सगळा भार चौकटीवर येतो, आणि पीओपीच्या पातळ पत्र्यात अडकवलेला हुक तो पेलू शकत नाही. सीलिंगला तडा जातो, क्वचित चौकटच मूर्तीवर झुकते.

सीलिंगचे काम सुरू होण्यापूर्वीच माटोळीची जागा ठरवावी. चारही कोपऱ्यांना स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारून त्याची दांडी सीलिंगच्या खाली येईल एवढी सोडावी आणि उरलेले वर्ष तिला पितळी टोपी घालावी. काम आधीच झाले असेल तर सीलिंगच्या सांगाड्यावर भिस्त ठेवू नका. चार ठिकाणी वाटीएवढी भोके पाडून स्लॅबपर्यंत पोहोचा. बोल्ट गंज न धरणारा हवा, कारण माटोळी बांधतात ती भर पावसात, आणि ओली फळे त्यावर दीड, पाच किंवा सात दिवस लटकतात.