रिपोर्टिंग मॅनेजर बदलतोय हे माणसाला आधी कळू दे, सिस्टीमला नंतर

एचआरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी लिहितेय, कारण हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

चाकणच्या एका कंपनीत मी एक्झिक्युटिव्ह म्हणून लागले तेव्हाची गोष्ट. क्वालिटीतल्या नऊ जणांचं रिपोर्टिंग १ तारखेपासून दुसऱ्या मॅनेजरकडे जाणार होतं. मला वाटलं साधी एंट्री आहे, संध्याकाळी एचआरच्या सिस्टीममध्ये मॅनेजरचं नाव बदललं, सेव्ह केलं आणि बस पकडून घरी गेले. सिस्टीमने लगेच सगळ्यांना ऑटोमेल पाठवला. त्यातले एक काका नाईट शिफ्टला होते, अठरा वर्षं त्याच लाइनवर काढलेली, त्यांनी तो मेल रात्री मोबाइलवर वाचला. सकाळी ते घरी गेलेच नाहीत, माझी वाट बघत गेटवर थांबले होते. म्हणाले, "मॅडम, माझं काय चुकलं?" मला काय बोलावं सुचेना. आजही तो प्रश्न आठवला की वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी जुना आणि नवा मॅनेजर दोघांना एकत्र बसवायचं, मग जुन्या मॅनेजरनेच आपल्या माणसांना स्वतः सांगायचं, समोर शक्य नसेल तर फोनवर, आणि हे सगळं एकाच दिवशी उरकायचं, नाहीतर दुपारी कॅन्टीनमध्ये बातमी पोचते आणि तिला शेपूट फुटलेलं असतं. मेल त्यानंतर. सिस्टीममधली एंट्री सगळ्यात शेवटी.

मेल छोटा ठेवा. कोणत्या तारखेपासून, कोणाकडे, आणि काय बदलत नाहीये, हे तिसरं बरेच जण विसरतात. मी सरळ लिहिते, "तुमचं पद, पगार आणि शिफ्ट आहे तेच राहील." कारणही एका ओळीत द्या, जसं की दोन टीम एकत्र होतायत. पण जुना मॅनेजर राजीनामा देऊन चालला असेल तर त्याच्या कारणांवर आपण काही लिहायचं नाही. (शॉपफ्लोअरवर मॅनेजरसोबत शिफ्टची पद्धतही बदलणार असेल तर मेलवर भागवू नका, सीनिअरना विचारा. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम ९अ मध्ये अशा बदलाला २१ दिवसांची नोटीस होती, औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्येही ती आहे.)

खरं काम असतं तोंडी दिलेल्या शब्दांचं. "गणपतीला पाच दिवस जा रे गावाला" असं जुना मॅनेजर जूनमध्ये बोललेला असतो, कागदावर काही नाही, पोराने कोकणाचं तिकीट काढलेलं असतं आणि नवीन साहेबांना यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून जुन्या मॅनेजरकडून प्रत्येक माणसामागे चार ओळी लिहून घ्या: कबूल केलेल्या रजा, प्रोबेशन कधी संपतंय, अर्ध्यावर असलेलं ट्रेनिंग, आतापर्यंतच्या कामाबद्दलचं मत. अप्रेझलचं, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाचं, वर्ष एप्रिल ते मार्च असेल आणि बदल जानेवारीत झाला तर नऊ महिन्यांचं काम जुन्यानेच पाहिलेलं असतं, ते मत लेखी नसेल तर अप्रेझलला त्या माणसाचं नुकसान होतं. पेंडिंग अप्रूव्हल्सची, म्हणजे मंजुरीसाठी थांबलेल्या अर्जांची, यादीही एंट्रीच्या आधी काढा, आमच्याकडे ती जुन्याच मॅनेजरच्या खात्यात अडकून राहायची.

आणि नाईट शिफ्टवाल्यांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. मी रात्री शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जाते, दहा मिनिटं लागतात.