नग्नतावादावर सभा घ्यायची आहे? ठाणे-नवी मुंबईत कायदा कुठे आडवा येतो

कपडे उतरवणं हे एक, आणि ते उतरवण्याची मुभा मागणं हे दुसरं. मागणीला संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) चा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आधार आहे. मत कितीही अप्रिय असलं तरी त्याचा प्रचार करता येतो, चिथावणीपर्यंत गेलात तर निर्बंध लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात म्हटलं आहे. म्हणून पत्रकात ‘कायदा बदला’ लिहा. ‘रविवारी उपवन तलावावर कपड्यांविना या’ लिहू नका.

सभा बंद सभागृहातच ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश (जमावबंदी वगैरे) चालू आहे का, हे आधी आयुक्तालयाकडून तपासा आणि त्यातले अपवाद वाचा. पोलीस ठाण्याला पत्र दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या. ऐरोली ठाणे जिल्ह्यात असली तरी तिथले पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. पत्र चुकीच्या ठिकाणी गेलं तर पोच कुचकामी.

‘प्रात्यक्षिक’ मात्र नकोच. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या घरात कोण अडवणार, हा समजही अर्धाच खरा. पोलीस अधिनियमाचं कलम ११० रस्त्यावरून दिसेल अशा अंगप्रदर्शनालाही लागतं, मग माणूस घरात का असेना. घोडबंदरच्या टॉवरमधली बाल्कनी त्यात सहज येते.

सगळ्यात जास्त घोळ फोटोंनी होतो. छापील अश्लील मजकुराला न्याय संहितेचं २९४, तर मोबाइलवरून पाठवलेल्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ लागतं: पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे अवीक सरकार खटल्यात मान्य झालं खरं; पण खटला ज्यावरून झाला ते टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूचं नग्न छायाचित्र इथे छापलं १९९३ मध्ये आणि निकाल आला २०१४ मध्ये. एवढी वर्षं तारखा घालायची तयारी नसेल तर पत्रकात फक्त अक्षरं ठेवा. अल्पवयीनांचं नग्न चित्र तर कुठल्याही कारणासाठी नको. तिथे पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा, येतो.

भाषणाचं पूर्ण ध्वनिमुद्रण ठेवा. तक्रार बहुधा मधल्याच एखाद्या तुकड्यावरून होते.