कुठेतरी पाणी मुरतंय म्हणणाऱ्या काकांशी कसं बोलायचं

पहिलं म्हणजे फॅमिली ग्रुपवर फॅक्ट चेकची लिंक टाकू नका. मी टाकली होती, काका दोन महिने बोलले नाहीत. चारचौघांत चूक दाखवली की माणूस अजून हट्टाला पेटतो, त्यामुळे जे काय बोलायचं ते चहा पिताना, दोघंच असताना.

आणि आधी हे बघा की असल्या कटाच्या गोष्टींत त्यांना मिळतंय काय. मे 2021 आठवा, दुसरी लाट, बेड नाही ऑक्सिजन नाही, ग्रुपवर रोज भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्यातच ती ऑडिओ क्लिप फिरत होती की हा कोरोना नाहीच, 5जीच्या टेस्टिंगने माणसं मरतायत. आता धडधाकट माणूस आठ दिवसात जातो आणि कारण काय तर डोळ्याला न दिसणारा विषाणू, हे पचत नाही हो. घाव मोठा असला की कारणही तेवढंच मोठं लागतं, 1963 ला राष्ट्राध्यक्ष केनेडींना एकट्या ऑस्वाल्ड नावाच्या माणसाने मारलं हे अमेरिकेत कितीतरी जणांना अजून पटत नाही ते यामुळेच. शिवाय टॉवर गच्चीतून दिसतो, त्याच्यावर मोर्चा काढता येतो (ब्रिटनमध्ये तर एप्रिल 2020 मध्ये लोकांनी टॉवर जाळले). विषाणूवर काय मोर्चा काढणार? आणि 'आतली बातमी' आपल्याला कळली याची मजा असते ती वेगळीच.

काका शंका घेतात म्हणून त्यांना वेड्यात काढू नका. खरे कटही झालेत. अमेरिकेत टस्कगीला 1932 ते 1972 सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय लोकांना पेनिसिलिन आल्यावरही मुद्दाम उपचार दिले नाहीत, हे सरकारी खात्यानेच केलं. हे आपणहून कबूल करा, काका जरा सैल होतात. मग विचारा की ते बाहेर कसं आलं? आतल्याच माणसाने माहिती दिली, पेपरात छापून आलं, कागद होते. या क्लिपमध्ये बोलणारा कोण आहे, त्याचं नाव तरी माहितीये का?

यानंतर एकच प्रश्न, जास्त नाही. आपल्याकडे 5जी सुरू कधी झालं? 1 ऑक्टोबर 2022. आणि त्या मे महिन्यात तर टेलिकॉम खात्याने सांगितलं होतं की देशात कुठेच टेस्टिंग सुरू झालेलं नाही. तारीख तुम्ही सांगू नका, त्यांनाच मोबाईलवर शोधू दे.

आमच्या काकांनी शोधली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, बरं ते राहू दे, पण मग चिमण्या कुठे गेल्या?

आता पुढच्या रविवारी चिमण्या.